दोन सह्या आणि एक लेक

इब्रामपूरला जायचं तर आम्हा बेळगावकरांना दोन वाटा आहेत. एक चोर्ल्याचा घाट उतरून साखळी-डिचोलीवरून आणि दुसरी तिलारीचा घाट उतरून दोडामार्गावरून. दोडामार्ग मागे पडलं की थोड्याच वेळात पेडणे तालुक्यातलं हे गाव लागतं. गाव गोव्याच्या अगदी काठावर, त्यामुळे गावातली निम्मी सोयरीक महाराष्ट्रात आणि काही घरांची थेट आमच्या बेळगाव-खानापूरकडे. माझ्या अक्काची मुलगी २०१४ साली या गावात दिली. सात वर्षांनी तिचा संसार मोडला.

नावं इथं कुणाचीच देत नाही. तिची लेक आता शाळेत जाते आणि उद्या ती स्वतः हे वाचेल. पण त्या तीन वर्षांत आम्ही ज्या चुका केल्या, त्या सीमाभागातल्या कुठल्याही घरात होऊ शकतात. म्हणून लिहावंसं वाटलं.

सही कशाची केली?

लग्न आमच्याकडे बेळगावच्या कार्यालयात थाटात झालं. अक्का मराठी, भावजी कन्नड. त्यामुळे पंगतीत एकीकडे जिलेबी-मठ्ठा आणि दुसरीकडे होळिगे. पण त्याच्या आधी मुलीला दोनदा पेडण्याला नेलं होतं. तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयात पहिल्यांदा लग्न करण्याचा इरादा जाहीर केल्याची सही आणि काही दिवसांनी, कुणाची हरकत आली नाही म्हणून, साक्षीदारांसमोर दुसरी सही. गोव्यात कायद्याच्या दृष्टीनं लग्न लागतं ते या दुसऱ्या सहीनं. आम्हाला मात्र ती रेशनकार्डासारखी एखादी औपचारिकता वाटली. भावजी म्हणाले, "तिकडची पद्धत आहे म्हणे. करून टाकू." आम्ही कुणीच विचारलं नाही, ही सही नेमकी कशाची?

ती सही एका निराळ्या कायद्याची होती. पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि नव्या काबिजादीत जमा झाला. पोर्तुगालचा १८६७ चा नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि त्याच वर्षी लग्नाचा व घटस्फोटाचा नवा कायदा झाला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण १९६२ च्या कायद्यानं हे जुने कायदे बदलले जाईपर्यंत चालू ठेवले. आपल्याकडचा १९५५ चा हिंदू विवाह कायदा गोव्याला लावलाच गेला नाही. म्हणून गोवेकर हिंदू जोडप्याचा घटस्फोट आजही त्या १९१० च्या कायद्यानं होतो.

आमच्या बाजूचा इतिहास निराळा. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात होतं. हिंदू बाईला कायद्यानं घटस्फोट मागता येऊ लागला तो १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानं. पुढे १९५५ चा केंद्राचा कायदा आला आणि दोघांच्या संमतीनं घटस्फोट ही सोय त्यात १९७६ च्या दुरुस्तीनं झाली. तासा-दोन तासांच्या अंतरावरची गावं, पण कायद्याची वंशावळ वेगळी.

आता त्या सहीचा अर्थ. गोव्यात लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नाही, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. लग्नाआधीची आणि नंतरची, कमावलेली आणि वारशानं आलेली, काही अपवाद सोडले तर सगळी. त्यात दोघांचा निम्मा-निम्मा हक्क. नवऱ्याला स्थावर विकायचं तर बायकोची सही लागते आणि बायकोला विकायचं तर नवऱ्याची. लग्न झाल्यावर ही व्यवस्था बदलता येत नाही. संसारासाठी काढलेलं कर्जही दोघांच्याच माथी. आमच्या मुलीच्या नवऱ्यानं २०१८ मध्ये स्वतःच्या नावावर घेतलेल्या फ्लॅटमध्ये तिचा निम्मा वाटा होता, हे तिला संसार मोडल्यावर कळलं. आणि भावजींनी लेकीच्या नावावर बँकेत ठेवलेली ठेवही त्याच यादीत येणार हे कळलं, तेव्हा भावजींचा चेहरा उतरला.

एक वर्ष फुकट गेलं

संसार का मोडला, हे सांगण्यासारखं फारसं नाही. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. घरी आला की दोघं परक्यासारखी. बोलाचालीचं भांडण झालं आणि २०२१ च्या जूनमध्ये मुलगी पाच वर्षांच्या लेकीला घेऊन खानापूरला माहेरी आली. आणायला मीच गेले होते. रात्री निघालो, कुणाला सांगितलं नाही.

आल्यावर आम्ही घाईनं ओळखीच्या वकिलाकडे गेलो आणि इकडच्या कोर्टात हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज ठेवला. बायको जिथं राहते तिथं अर्ज करता येतो, अशी सोय २००३ पासून त्या कायद्यात आहे, ती खरी. पण समोरच्या वकिलानं पहिल्याच तारखेला हरकत घेतली. लग्नाची नोंद पेडण्याची, नवरा गोव्याचा, मालमत्ता गोव्यातली, मग हा कायदा लागतोच कुठे? त्या एका मुद्द्यावर तारखा पडत राहिल्या. शेवटी आम्ही तो अर्ज मागे घेतला. तोवर वर्ष गेलं होतं.

यातून शिकलो ते हे. घटस्फोटाचा विचार मनात आला, की भांडणाची कारणं सांगण्याआधी वकिलापुढे लग्नाच्या नोंदीचा दाखला ठेवायचा. नोंद कुठे झाली, नवरा-बायको कायमचे रहिवासी कुठले, शेवटचे एकत्र कुठे राहिले, या तीन गोष्टींवर पुढचं बरंच काही ठरतं. आणि खटला एका राज्यातून दुसऱ्यात हलवणं आपल्या सीमाभागात सोपं नाही. गोवा आणि सिंधुदुर्ग दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाखाली येतात. पण बेळगाव कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे. त्यामुळे पेडण्याचा खटला बेळगावला किंवा बेळगावचा पेडण्याला न्यायचा, तर अर्ज थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो.

शाळेच्या फाटकापाशी

कोर्टापेक्षा मोठी चूक आम्ही घरी केली. पहिले दोन महिने आम्ही लेकीला बापाशी फोनवरही बोलू दिलं नाही. "आधी कोर्टाचं होऊ दे," असं मीच म्हणत असे. पाच वर्षांखालचं मूल आईकडेच राहतं, असं आम्ही ऐकून होतो. आमची पाच पूर्ण झाली होती, तरी तोच धीर धरून बसलो.

एक दिवस तो खानापूरला शाळेपाशी आला. आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे शाळेनं भेटू दिलं नाही. तो फाटकाबाहेर तासभर उभा राहिला आणि शिपायाजवळ कंपासपेटी ठेवून गेला. पोरीनं त्याला वर्गाच्या खिडकीतून पाहिलं होतं. दोन महिन्यांत ती आजोबांचं कन्नड बोलायला शिकली होती. रात्री जेवताना तिनं भावजींना विचारलं, "अज्जा, अप्पा यावाग बर्तार?" बाबा कधी येणार? भावजींना कन्नडमध्ये उत्तर सुचलं नाही आणि आम्हाला मराठीत. दुसऱ्या दिवशी भावजींनी स्वतः जावयाला फोन लावला. तिथून गाडी रुळावर आली.

पुढे मला कळलं, की आम्ही जे केलं ते कोर्टाच्या नजरेतही आमच्याच विरुद्ध गेलं असतं. मुलाचा ताबा हा आईचा किंवा बापाचा हक्क म्हणून ठरत नाही, मुलाचं हित कशात आहे त्यावर ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. २०२० च्या एका निकालात तर ताबा एकाकडे असला, तरी दुसऱ्याचा सहवास हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे आणि भेट शक्य नसेल तर फोनवर, व्हिडिओवर बोलणं झालं पाहिजे, असं म्हटलं आहे. दुसऱ्या पालकाला तोडणारा पालक मुलाच्या हिताचं बघतो, असं मग कोर्टाला कसं वाटावं?

यादी एका दुपारची, लेकीचं पान चार महिन्यांचं

दोघांनी संमतीनं वेगळं व्हायचं ठरवलं. गोव्याच्या कायद्यात त्यासाठी लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात आणि दोघांचं वय पंचवीस पूर्ण. अर्जासोबत मालमत्तेची यादी लागते आणि मुलं असतील तर ती कुणाकडे राहतील, खर्च कोण करील, याचा करार लागतो. न्यायाधीश आधी दोघांना समोर बसवून समेट होतो का बघतात. होत नसेल तर प्रथम तात्पुरता घटस्फोट आणि वर्षभरानं तो कायम. त्या वर्षात दोघांचं मन बदललं तर परत फिरता येतं.

मालमत्तेची यादी एका दुपारी झाली. फ्लॅट, त्यावरचं कर्ज, ठेव, सोनं. न जमल्यास गोव्यात इन्व्हेंटरी म्हणजे मालमत्तेची मोजदाद करून वाटणी करण्याची कोर्टाची रीतसर पद्धत आहे, २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात ती दिली आहे. आमच्याकडे तशी वेळ आली नाही. फ्लॅट त्यानं ठेवला, कर्ज वजा जाऊन तिच्या निम्म्याचे पैसे दिले.

पण लेकीचं पान लिहायला चार महिने लागले. इब्रामपूरची आजी म्हणत होती, "आमचा चेडू परक्या मुलखात वाढतला, आमका इसारतला." तिला दुसरीही भीती होती. पोर तिकडे गेली, म्हणजे घराण्यातून गेली. ही भीती मात्र चुकीची. ताबा कुणाकडे आहे यानं मुलाचा वारसा बदलत नाही. गोव्याच्या कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत आणि आईबापांना मृत्युपत्रानं निम्मी मालमत्ता मुलांपासून तोडता येत नाही. नातीचा इब्रामपूरशी असलेला हक्क कुणाच्या सहीनं जाणार नव्हता. हे वकिलानं आजीला नीट समजावलं, त्या दिवशी घरातला आवाज बराच खाली आला.

मध्यस्थ म्हणून ज्या बाई बसल्या, त्यांनी एक चांगलं केलं. "ताबा कुणाकडे" हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी कॅलेंडर मागवलं. आणि सांगितलं, "सोमवारपासून सुरू करा. सोमवारी ही कुठे झोपते, शाळेत कोण सोडतं?" असं करत पूर्ण वर्ष लिहून काढलं.

कागदावर काय असावं

आमच्या त्या पानावरून आणि नंतर ओळखीच्या दोन-तीन घरांत पाहिल्यावरून सांगते. मुलाच्या करारात या गोष्टी स्पष्ट लिहाव्यात :

१. शाळेच्या दिवसांत मूल कुठे राहील, शाळा कुठली आणि माध्यम कुठलं. सीमाभागात माध्यमावरून पुढे हमखास वाद होतो. आमच्या पोरीचं मराठी माध्यम ठरलं, कन्नड घरी आजोबांकडे आणि कोकणी इब्रामपूरला.

२. सण. नुसतं "सणासुदीला" लिहू नये, सणाचं नाव लिहावं. आमची पोर चवथीला इब्रामपूरला असते, माटोळी बांधायला तिला हवंच असतं. दिवाळी खानापूरला, मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी.

३. ने-आण कुणी करायची आणि कुठे भेटायचं. आमचं दोडामार्गचं बसस्टँड ठरलं आहे, दोन्ही घरांना सोयीचं. पावसाळ्यात घाटात दरड येऊन रस्ता बंद झाला, तर तो दिवस पुढे कधी भरून द्यायचा, हेही लिहिलं आहे. वाचायला हसू येतं, पण पहिल्याच वर्षी उपयोगी पडलं.

४. फोन. बाप जहाजावर असताना आठवड्यातून कुठल्या दिवशी, साधारण किती वाजता. फोन मुलीच्या हातात द्यायचा, शेजारी बसून ऐकायचं नाही.

५. खर्च. फी, दवाखाना, कपडे यांत कोण किती देणार आणि दरवर्षी किती वाढ. पैसे उशिरा आले म्हणून भेट बंद नाही आणि भेट झाली नाही म्हणून पैसे बंद नाहीत. या दोन गोष्टींची गाठ बांधू नये.

६. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, आधार, पासपोर्ट कुणाकडे राहील आणि परदेशी न्यायचं झालं तर दोघांची लेखी संमती. गोव्यात पोर्तुगालच्या कागदांवर युरोपात जाणारी घरं पुष्कळ आहेत. पळवून नेलेली मुलं परत करण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, म्हणून मूल एकदा बाहेर गेलं की परत आणणं अवघड जातं.

७. परिस्थिती बदलली तर करार पुन्हा बघायचा. ताब्याचा हुकूम दगडावरची रेघ नसतो, मुलाच्या हितासाठी कोर्ट तो बदलू शकतं.

बेळगाव, खानापूर, चंदगडकडच्यांसाठी

लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल, तर संमतीचा अर्ज करायला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. त्यानंतर सहा महिने थांबण्याची अट आहे. समेटाची आशाच उरली नसेल आणि मुलांचं, पोटगीचं सगळं मिटलेलं असेल, तर ही सहा महिन्यांची अट कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं असं म्हटलं आहे. पण "सामान्यतः" हा शब्द विसरू नये आणि पाचव्या वाढदिवसाला ताबा आपोआप बापाकडे जातो, असंही नाही. ताब्याचा स्वतंत्र अर्ज १८९० च्या कायद्याखाली मूल नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करायचा असतो. म्हणून मुलाला रातोरात दुसऱ्या गावी नेऊन "आता ते इथलंच" म्हणणं चालत नाही.

छळ होत असेल तर मात्र थांबू नये, सांगण्यात वेळ घालवू नये, मुलाला घेऊन बाहेर पडावं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्हीकडे लागू आहे. बाई तात्पुरती जिथं आसऱ्याला आली आहे, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो आणि मुलाचा तात्पुरता ताबाही त्यात मागता येतो. पोटगीचा अर्ज पूर्वी कलम १२५ खाली होई, १ जुलै २०२४ पासून तो नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. दोघांनीही आपलं उत्पन्न आणि मालमत्ता शपथेवर सांगायची, हे २०२० पासून बंधनकारक आहे. आणि वकिलाचे पैसे नाहीत म्हणून कुणी बाई अडून राहू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारावं किंवा १५१०० ला फोन करावा. संकटातल्या बाईसाठी १८१ आणि मुलासाठी १०९८ आहे.

ज्यांच्या घरात गोव्याशी नवी सोयरीक जुळते आहे, त्यांनी एवढं करावं. मुलीला पेडण्याला किंवा डिचोलीला सहीसाठी नेण्याआधी अर्धा तास गोव्याच्या वकिलाकडे बसवा. एकत्र मालमत्ता हवी की वेगळी, हे दोघांनी मिळून लग्नाआधीच ठरवायचं असतं, नंतर दार बंद होतं. यात अपशकुन काही नाही. एकत्र मालमत्तेचा कायदा बाईच्या फायद्याचाही आहे, फक्त तो माहीत असायला हवा.

गेल्या चवथीला दोडामार्गला पोरीला सोडायला मी गेले होते. पाऊस होता. तिकडून तिची आजी आली होती, लेक जहाजावर म्हणून. मी त्या रात्री पोरीला उचलून आणल्यापासून आम्ही दोघी समोरासमोर आलो नव्हतो. काय बोलावं सुचेना. आजीनं नातीचं दप्तर खांद्याला लावलं आणि मला म्हणाली, "जेवून जावा. घर लांब नाय." मी गेले. ओसरीवर माटोळीचं सामान पसरलं होतं आणि पोर आल्या आल्या त्यात जाऊन बसली.